एका पायाची दोन मापं

मी बोलतोय तो अडगळीच्या खोलीतून, प्लास्टरच्या गोण्यांवर उताणा पडून. माझी वायर काढून टाकलीय. अकरा वर्षं मी मधल्या खोलीतल्या टेबलाखाली उभा होतो, आणि माझ्यावाचून इथलं काम अडत होतं तोवर मला 'सर्व्हर' म्हणायचे. आता 'ते खोकं' म्हणतात. उद्या भंगारवाला येणार आहे, म्हणून आजच सगळं सांगून टाकतो.

हा कृत्रिम पाय बनवायचा कारखाना. कारखाना म्हणजे घरातल्याच तीन खोल्या. पुढच्या खोलीत दादा उरलेल्या पायाचं माप घेतात, हातातलं स्कॅनर त्याच्याभोवती फिरवून. मधल्या खोलीत ताई त्या मापावरून पडद्यावर सॉकेट घडवतात. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो पेला. मागच्या खोलीत मशीन त्याचा साचा कोरून काढतं. दादा आणि ताई सख्खी भावंडं, आणि धंदा वडिलांनी उभा केलेला.

मी काही जन्मानं सर्व्हर नव्हे. एका ऑफिसनं टाकून दिलेला साधा संगणक मी. वडिलांनी मला उचलून आणलं, फडक्यानं पुसलं आणि एका ओळखीच्याकडून माझ्यात फुकट मिळणारी एक प्रणाली घालून घेतली. माझ्या पोटात एक फोल्डर केलं: दादांनी त्यात माप टाकायचं, ताईंनी ते उचलायचं. दादांचा काळा लॅपटॉप एका प्रणालीचा, ताईंचा पांढरा दुसऱ्या, मी तिसऱ्याच. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात, पण आमचं बिघडलं नाही. दोघांनाही समजेल अशी एक जुनी बोली मला येत होती, आणि तिच्या जोरावर शेकडो माणसं पुन्हा चालू लागली.

वडिलांचा एक नियम होता. एका पायाला एकच माप. नवा साचा घेतला की जुना हातोडीनं फोडायचा, म्हणजे चुकून तो कोणाच्या हाती लागायला नको. प्लास्टर जाऊन फायली आल्या, वडीलही गेले, पण नियम राहिला. फाईलला नाव एवढंच, पेशंटचा नंबर आणि डावा की उजवा. नवं माप आलं की त्याच नावानं जुन्यावर टाकायचं, जुनं आपोआप पुसलं जायचं. नियम चांगलाच होता. फक्त त्याला फोल्डर एकच असावं लागतं.

यंदा एका सकाळी दादांच्या लॅपटॉपनं स्वतःला अपडेट करून घेतलं आणि मला ओळख दाखवेना. तुझी बोली जुनी, धोक्याची, म्हणे. खोटं नव्हतं ते. पण नवी बोलीही मला येत होती, कोणी तरी माझ्या सेटिंगमधली एक ओळ बदलायची होती. प्रत्येक वेळी तो लॅपटॉप दारात येऊन परत गेला की का गेला ते मी माझ्या नोंदींच्या फाईलमध्ये वेळेसकट लिहीत होतो. ती उघडायला दोन मिनिटं लागतात.

त्याऐवजी भांडण झालं.

"तुझ्या त्या पांढऱ्या डब्यानं सगळी गडबड केलीय," दादा म्हणाले.

"दादा, मला दिसतंय सगळं. दिसत नाही ते तुला."

"म्हणजे माझंच चुकलं?"

"मी असं म्हटलं का? बाबा असताना तरी तू ऐकून घ्यायचास."

बाबांचं नाव निघालं की या घरात बोलणं संपतं. मग दुपारी नेटवर्कवाला आला. उंटावरचा शहाणा तो. त्यानं राउटर बंद करून चालू केला, फायरवॉल काढली, परत लावली, पासवर्ड बदलला. माझ्याकडे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हे म्युझियमला द्या." मग दादांच्या लॅपटॉपवरच एक नवं फोल्डर उघडून दिलं आणि "तूर्त हे वापरा" म्हणून निघून गेला. हे तूर्त फार वाईट. मी जेवढी तूर्त पाहिली, त्यातलं एकही नंतर बदललेलं पाहिलं नाही.

ताईंनी ते फोल्डर उघडायचा प्रयत्न केला. नाव विचारलं, पासवर्ड विचारला, तीनदा दिला, तीनदा चूक. त्या ओरडल्या, "दादा, तुझं मला उघडत नाहीये." दादा पेशंटबरोबर होते. "उघडेल गं, त्यानं करून दिलंय," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

पेशंट होते कोपऱ्यावरच्या सलूनमधले कारागीर. बावीस वर्षं एकाच खुर्चीमागे उभं राहून केस कापलेले. साखरेच्या आजारानं डावा पाय गुडघ्याखाली गेला. मालकानं सांगितलं होतं, पहिल्या तारखेला उभे राहिलात तर खुर्ची तुमची, नाही तर दुसरा ठेवतो. त्यांचं पहिलं माप सहा आठवड्यांपूर्वी घेतलं होतं, ते माझ्याकडे होतं. तेव्हा पायाला सूज होती. आता सूज उतरून पाय बारीक झाला होता, म्हणून दादांनी त्या दुपारी दुसरं माप घेतलं. अगदी मन लावून घेतलं, हे मी त्यांच्यासाठी कबूल करतो.

"टाकलं गं," दादा भिंतीपलीकडून म्हणाले. टाकलं होतं त्यांच्या नव्या फोल्डरमध्ये.

ताईंना वाटलं, आपण ओरडलो म्हणून दादानं परत जुन्याच जागी टाकलं असेल. त्यांनी मला उघडलं. नंबर तोच, डावा पाय. तारीख मात्र सहा आठवड्यांपूर्वीची. त्यांनी ती पाहिली, हे मी शपथेवर सांगेन. पण माझी आतली बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली. वीज गेली की माझं घड्याळ कुठल्या कुठे जायचं, आणि एवढीशी बॅटरी बदलायला कोणाला वेळ नव्हता. "याचं घड्याळ कधी बरोबर होतं?" असं पुटपुटत त्यांनी फाईल उचलली. तारीख त्या वेळी बरोबर होती.

"मिळालं," त्या म्हणाल्या. त्या मापाबद्दल दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं.

पाय तयार झाला. पेशंटनं तो घालून चार पावलं टाकली आणि विचारलं, "जरा हलतोय का?" आपलं माप चुकणार नाही याची दादांना खात्री होती. त्यांनी आत दोन जाड मोजे चढवले आणि म्हणाले, "आठ दिवसांत बसेल." तारीख होती तीस. "बसेल, बसेल," पेशंटही म्हणाले, आणि मोजे घालून घरी गेले.

ते अकरा दिवस उभे राहिले. आत पाय घासत होता, पण साखरेनं संवेदना बोथट झालेल्या, दुखलं नाही. वास आला तेव्हा मोजे काढून नीट पाहिलं, जखम चिघळून सडली होती.

दोन महिन्यांनी ते चाकाच्या खुर्चीत बसून आले. डॉक्टरांना आणखी वर कापावं लागलं होतं, गुडघाही गेला होता. त्या सकाळी ताईंनी दादांच्या लॅपटॉपवरची फाईल पेनड्राइव्हवर आणून, ती आणि माझ्यातली, दोन्ही शेजारी शेजारी उघडून पाहिल्या होत्या. बराच वेळ पाहिल्या. मग दादांना बोलावून दाखवल्या. दादांनी हात पुढे करून दोन्ही बंद केल्या.

पेशंट म्हणाले, "चूक माझीच हो. हलत होता, मला कळत होतं. पण खुर्ची जाईल म्हणून जोर देऊन बोललो नाही."

मला वाटलं, आता ताई सांगतील. ताई खाली पाहत होत्या. दादा म्हणाले, "तेव्हाच सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो ना," ते म्हणाले. "तुम्हाला उगाच त्रास."

ते गेल्यावर दादांनी स्वतः येऊन माझी वायर ओढली. सर्व्हरनं जुनी फाईल दिली, असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. पण मला फाशीचं दुःख नाही. माझं घड्याळ इतक्यांदा चुकलं होतं की खरी तारीखही कोणाला पटली नाही, मी काही धुतल्या तांदळाचा नाही.

मला बोचतं ते वेगळंच. तो माणूस स्वतःला दोष देत घरी गेला आणि त्याला कोणी अडवलं नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. आता ऐकणारे तुम्हीच आहात. सलूनमध्ये जाऊ नका, तिथे दुसरा कारागीर उभा आहे. पण कधी कुठे ते भेटले तर त्यांना एवढं सांगा, तुमचं बरोबर माप घेतलेलं होतं. ते त्याच घरात होतं, भिंतीपलीकडे. तुमची काही चूक नव्हती.