उंबरठ्यावर सुटलेली गाठ

मित्रांनो, मी एक जुनी दाभण आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. दाभणीला डोकं नसतं, नुसतं नेढं असतं, हे मला ठाऊक आहे. पण जे मी पाहिलं ते पाहून टाचणीचं तर डोकं फुटलंच असतं.

माझा जन्म लोहाराच्या ऐरणीवर झाला. पहिली काही वर्षं पोती शिवण्यात गेली. मग आबांनी मला आणलं, दगडावर घासून माझं टोक बारीक केलं आणि मी पुस्तकं शिवू लागले. आबांचं गल्लीत एका खोलीचं बांधणीचं दुकान होतं. शाळांची हजेरीपुस्तकं, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, वाचनालयातली पानं सुटलेली पुस्तकं, सगळ्यांच्या पाठीतून मी फिरले आहे. लोक शिवणीवरून हात फिरवत आणि वाहवा करत. वाहवा आबांची होत असे, पण थोडी मीही माझ्याकडे ठेवून घेई.

आबांचा एक नियम होता. शिवण घट्ट घालायची, पण गाठ मागच्या बाजूला मारायची आणि दोऱ्याचं टोक बोटभर मोकळं सोडायचं. "उद्या कोणीतरी हे दुरुस्त करायला घेईल. त्याने आपल्याला शिव्या देता कामा नयेत," असं ते आपल्या मुलीला शिकवत. ती मुलगी म्हणजे माझी आताची मालकीण, ताई.

पुढे डिंकाने चिकटवलेली पुस्तकं आली, प्लॅस्टिकच्या स्प्रिंगा आल्या, आणि मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले. आबांची नजर अधू झाली. ताई एकटीच दुकान रेटत होती. अखेर तिने खोली सोडायचं ठरवलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने तर आपलं दुसरं मशीन कुठे ठेवायचं तेही मोजून घेतलं होतं.

तेवढ्यात दूरदेशीच्या एका पुस्तकविक्रेत्याचं पत्र आलं. त्याच्याकडे जुने नकाशासंग्रह होते आणि ते हातानेच शिवून हवे होते. महिनाअखेरीस येऊन कागद हाताळून बघा, तुमच्या कामाचे नमुने दाखवा, मग काम कोणाला द्यायचं ते ठरवू, असं त्याने कळवलं होतं. ताईने मला डब्यातून काढलं, तेल लावलं आणि झेरॉक्सवाल्याला थांबायला सांगितलं. आता मध्ये फक्त व्हिसा होता. फक्त!

पहिल्या खेपेला ती व्हिसाच्या कचेरीतून आली ती चपला भिरकावतच.

"ते म्हणाले, कंपनीचं पत्र आणा. मी म्हटलं, कंपनी नाही, मी एकटीच आहे. तर म्हणे, मग तुम्हाला पाठवतंय कोण? म्हटलं, मीच! तर म्हणे, मग मालकाने नोकराला रजा दिल्याचं पत्र आणा."

"मालक कोण?" आबांनी विचारलं.

"मीच."

"आणि नोकर?"

"आबा, आता तुम्ही नका सुरू करू!"

शेवटी तिने स्वतःच स्वतःला पत्र लिहिलं. सदर बाई आमच्याकडे प्रामाणिकपणे काम करतात, त्यांची रजा मंजूर आहे. आबा हसता हसता खोकले. म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा रजा दिलीस गं तिला." ताईलाही हसू आलं, पण डोळ्यांत पाणी होतं.

बाकीचे कागद गोळा करताना तिच्या नाकी नऊ आले. फोटोत एकदा कान दिसत नव्हते, एकदा कपाळ जास्त दिसत होतं. सूचनेत शेवटी लिहिलं होतं, सर्व कागद क्रमाने व व्यवस्थित लावून सादर करावेत. इथेच घोडं पेंड खायला बसलं. तुम्ही आम्ही व्यवस्थित म्हणजे काय समजू? बांधणीवाल्याच्या घरात व्यवस्थित म्हणजे शिवलेलं. ताईने सगळे कागद कडेने भोकं पाडून शिवले, वर निळा कापडी पुठ्ठा घातला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत देखणं काम होतं. निघायच्या घाईत तिने सवयीने मला पिशवीच्या अस्तरात टोचून ठेवलं.

दारावरच्या रखवालदाराने मला लगेच पकडलं. टोकदार वस्तू आत चालत नाही! मी त्याच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये कुलपं आणि लायटरांच्या संगतीत पडून राहिले. दार काचेचं होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं. ताई खिडकीशी गेली, तिने पुस्तक पुढे केलं, आतल्या माणसाने ते उलटंसुलटं केलं आणि परत सरकवलं. ताई धावत दाराशी आली.

"सुटे कागद हवेत म्हणे, मशीनमधून जायला. खिडकी आत्ता बंद होईल आणि पुढची तारीख महिना उलटल्यावरची आहे. माझी दाभण द्या, गाठ सोडवते."

"दाभण आत नेता येणार नाही."

"मग मी बाहेर येते."

"बाहेर आलात की टोकन रद्द."

आता काय म्हणावं? दाभण आत जाईना, बाई बाहेर येईना. मला तर वाटलं, उडी मारून त्या नियमालाच टोचावं.

ताई म्हणाली, "अहो दादा, हे गेलं तर आमचं दुकान गेलं."

रखवालदाराने इकडे तिकडे पाहिलं आणि मला उचललं. तो उंबरठ्याच्या बाहेर उभा राहिला, ताई आत. "पुस्तक इकडे धरा. मी काय करायचं ते सांगा."

"मागची गाठ बघा. तिच्यात टोक घाला, हलकेच उचला. आता ते मोकळं टोक ओढा."

त्याने ओढलं आणि सगळी शिवण सरसर सुटली. एकही कागद फाटला नाही. "अरेच्चा!" तो म्हणाला, "ही तर सुटायलाच बांधली होती." ताई उत्तर द्यायला थांबली नाही. खिडकीची झडप खाली येत असताना तिने गठ्ठा आत सरकवला.

व्हिसा आला. बरोबर तिचे कागदही परत आले, आणि ज्यांना शिवण चालत नव्हती त्यांनी त्या सगळ्यांतून एक जाडजूड पिन ठोकली होती. ती काढताना आबांचं नख तुटलं आणि रजेचं पत्र फाटलं. आबा जे बोलले ते मी तुम्हाला सांगणार नाही.

विमानात टोकदार वस्तू नेत नाहीत, म्हणून मी घरीच राहिले. काल ताईचा फोन आला. पुस्तकविक्रेत्याने तिची नमुन्याची वही उलटी करून मागचं मोकळं टोक बघितलं, हे कशासाठी असं विचारलं, आणि उत्तर ऐकून काम तिला दिलं.  फोन ठेवून आबांनी चाचपडत मला शोधलं आणि पुन्हा तेल लावलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी अशा खिडकीमागे बसेल, कोणी नियम लिहील. नियम जरूर घट्ट बांधा, पण बोटभर टोक मोकळं सोडा. उंबरठ्यावर अडकलेल्या माणसाला तेवढं पुरतं.