चौकात आधी कोण?

मी एका जुन्या सायकलची घंटी बोलतेय. बोलणं हा माझा धंदाच, पण हल्ली आपण नक्की काय बोलतो हेच मला कळेनासं झालंय.

एक वाटी, एक स्प्रिंग आणि एक खटका, एवढ्यावर माझा जन्म झाला. माझे मालक दवाखान्यातले कंपाउंडर. रोज सकाळी बाजाराच्या चौकात त्यांची नि बेकरीच्या गाडीवाल्याची गाठ पडायची. आम्ही मोठ्या रस्त्याने सरळ जाणारे, तो गल्लीतून वळणारा. सिग्नल नाही. आधी कोणी जायचं यावरून एकदा दोघांची चांगलीच जुंपली, त्यातूनच दोस्ती झाली आणि आपसांत ठरलं. एकदा टिंग म्हणजे मी येतोय. दोनदा टिंग म्हणजे मी थांबलोय, तुम्ही व्हा पुढे. वीस वर्षं हे सुरळीत चाललं. मला वाटायचं, सगळ्या जगाचा हाच कायदा असणार.

मग कंपाउंडरांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि सायकल लेकीकडे आली. ताई चष्म्याच्या दुकानात कामाला. बापाने तिला हवा भरायला शिकवलं, साखळीला तेल घालायला शिकवलं. टिंगचं तेवढं सांगायचं राहिलं. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट कोण सांगत बसतं?

दीड महिन्यापूर्वी ताईला उशीर झाला होता. चौकात बेकरीची गाडी दिसली आणि तिने घाईघाईने मला दाबलं. टिंग टिंग! तिच्या मनात होतं, बाजूला व्हा. गाडीवाल्याने ओळखीची सायकल पाहिली, हात हलवून आभार मानले आणि गाडी पुढे घातली. मी अर्धी चेपले. ताईचं मनगट मोडलं.

"अहो काका, दिसत नाही का? मी सरळ जात होते!"

"अगं पोरी, तूच तर म्हणालीस, जा म्हणून!"

"मी? कधी?"

पोलीस आला. म्हणाला, "सरळ जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग गाडी असो की सायकल. घंटीवर कुठे रस्ता ठरतो होय?"

हे फार लागलं मला. मग वीस वर्षं मी केलं तरी काय? चूक ताईची, काकांची, की माझीच?

संध्याकाळी काका घरी आले, पण उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. कंपाउंडर म्हणाले, "आत या हो. मीच तिला सांगायला विसरलो."

आज ताई पुन्हा सायकलवर बसली. चौकात तिचा अंगठा माझ्यावर आला आणि तसाच मागे गेला. तिने थांबून काकांकडे पाहिलं, काकांनी मान हलवली, ती गेली. माणसांनो, वाजवायचं तर खुशाल वाजवा मला, पण आधी एकमेकांकडे असं बघत जा. मला आनंद झाला. रडूही आलं. काय खरं, कोण जाणे.

"वाजवलीस का?" घरी आल्यावर बापाने विचारलं.

"नाही, बाबा. गरजच पडली नाही."

ती आत गेली. कंपाउंडरांनी फडक्याने मला पुसलं आणि ती गेली त्या दाराकडे बघत हळूच दोनदा दाबलं. चेपलेल्या अंगातून नुसती खरखर निघाली. पण या वेळी मी काय बोलले, ते मला नीट कळलं.