लागेल तशी

बायकोचा डोळा लागलाय, तर लागू द्यावा, म्हणून त्या सकाळी मास्तरांनी दुकानातलं मशीन बंदच ठेवलं.

दुकान खाली, घर वर, मध्ये लाकडी जिना. मशीनचा पाय दाबला की वरच्या फळीवरची भांडी थरथरायची, आणि ती झोपेतून ओरडायची, "अहो, घर शिवताय की सीट?" गाड्यांच्या सीट, सोफे, डॉक्टरांच्या तपासणीच्या गाद्या, काय वाटेल ते मास्तर शिवायचे. शिंप्यासारखं काम म्हणून गल्लीनं त्यांना मास्तर करून टाकलं होतं.

तिची अक्कलदाढ काढून झाली होती, पण दाढेच्या जागचा खड्डा ठणकत होता. बरेच दिवस तिला धड झोप नव्हती. त्या सकाळी मात्र ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ जरासे उघडे, गालाची सूज उतरलेली. मास्तरांनी चादर खांद्यापर्यंत ओढली आणि चपला हातात घेऊन खाली आले.

"आज ठोकाठोकी नाही," त्यांनी पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं. "वर झोप लागलीय."

गिऱ्हाईक टॅक्सीवाला होता. "बायकोला एवढं घाबरता, मास्तर?"

"घाबरतो. तुम्हीही घाबरत जा, तब्येत चांगली राहते."

दोघं हळूच हसले. मास्तर सकाळभर हातानं टाके घालत बसले. खिळे मारायचे ते बाजूला ठेवले. जेवणाच्या वेळेला मेहुणी आली, बहिणीसाठी डब्यात काहीतरी पातळ करून. तिला त्यांनी तोंडावर बोट ठेवून वर पाठवलं.

ती किंचाळली नाही. थोड्या वेळानं जिना उतरायला लागली, अर्ध्यावर बसली. डबा तसाच हातात.

"भाऊजी," ती म्हणाली, "मशीन लावा आता. काही होत नाही."

*

सगळं झाल्यावर दातांचे डॉक्टर भेटायला आले. वाईट माणूस नव्हता. त्याच गल्लीच्या टोकाला दवाखाना, मास्तरांची कवळीही त्यांनीच बसवलेली. ते सोफ्याच्या कडेवर बसले. हा सोफा गिऱ्हाइकाचा होता आणि त्याला अजून पाठ लागायची होती.

"गोळी जोराची होती," ते म्हणाले. "दुसऱ्या कशानं थांबेना म्हणून दिली. या गोळीनं दुखणं जात नाही हो, कळणं कमी होतं. प्रमाणाबाहेर झाली की श्वास घ्यायचंसुद्धा कळेनासं होतं. म्हणून मी सांगितलं होतं, लागेल तशी घ्या. उगाच घेऊ नका."

मेहुणी दारात उभी होती. तिनं मान वर केली.

"काय सांगितलं होतं?"

"लागेल तशी."

डॉक्टर गेल्यावर मेहुणीनं दार लावलं आणि दाराला पाठ टेकली.

"ताई तेच म्हणत होती. आदल्या दिवशी मी फोन केला तेव्हा. एक घेतली, लागली नाही. आणखी एक घेतली, अजून लागत नाही. मी म्हटलं, मग थांब की. तर म्हणाली, डॉक्टरांनी लागेल तशी घ्यायला सांगितलंय."

मास्तरांना अर्थ पोचायला वेळ लागला. या घरात औषध लागतं म्हणजे त्याचा गुण येतो. बायकोच्या माहेरीही तसंच म्हणत. काढा लागला, मलम लागलं, गोळी लागली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गरज पडेल तशी. तिनं ऐकलं, गुण येईपर्यंत. दोघांचे शब्द अगदी एकच होते.

आणखी एक गोष्ट त्यांना आठवत होती, पण ती त्यांनी मेहुणीला सांगितली नाही. पहिली गोळी घेतल्यावर बायको पलंगावर उठून बसली होती, चांगली हसत.

"गंमत सांगू? दुखणं गेलं नाही. तिकडे जाऊन बसलंय."

"तिकडे कुठे?"

"खुर्चीत."

त्या खोलीत खुर्ची नव्हतीच. एक स्टूल होतं, त्यावर मास्तरांची कवळी ठेवायचा ग्लास. त्यांनी तसं म्हटल्यावर ती आणखी हसली. "तुमचं बरं आहे. तुमचे दात ग्लासात झोपतात. दुखलेच तर ग्लास दुखेल."

*

काही आठवड्यांनी दवाखान्यातल्या मदतनीस बाई हातगाडीवर खुर्ची घेऊन आल्या. मागे पडणारी, पाय ठेवायला फळी असलेली, रुग्णाची खुर्ची. बसायच्या जागेचं रेग्झीन उसवलं होतं आणि हातांवरचं तर पार सोलवटलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, मास्तरांना विचारा. नको म्हणाले तर गुपचूप परत आणा."

"नकोच म्हणतायत," मेहुणी आतून म्हणाली. ती अजून रोज दुपारी यायची, भाऊजी जेवतात की नाही बघायला. "लाज नाही वाटत पाठवायला?"

"खुर्चीनं काय केलंय?" मास्तर म्हणाले. "ठेवा तिथं, खिडकीशी."

त्यांनी काम सुरू केलं. पकडीनं एकेक पिन उपटली. जुनं रेग्झीन निघालं तशी खालून लवंगेच्या तेलाचा आणि घामाचा जुना वास आला. हातांचा फोम उघडा पडला, तेव्हा त्यांची पकड थांबली.

खुर्चीच्या दोन्ही हातांवर खळगे होते. इतकी माणसं घट्ट धरून बसली, खळगे पडणारच. उजवीकडचा नुसता दबलेला होता, बशीसारखा. डावीकडच्या खळग्यात मात्र बोटं दिसत होती. चार बोटं खाली वळलेली, अंगठा आत. आणि पहिलं बोट टोकाला बाहेरच्या बाजूला वाकलेलं.

बायकोचं ते बोट तसंच होतं. लग्नानंतर ती दुकानात सीटच्या कडांची पायपिंग शिवायला बसायची, तेव्हा सुई आरपार गेली होती. दाढ दुखायची तेव्हा तिचा उजवा हात गालावर असायचा आणि डावा जे सापडेल ते धरायचा.

फोम उघडा केला की फुगतो. दुसऱ्या दिवशी फुगेल, असं म्हणून मास्तरांनी तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी खळगा होता तसाच होता. त्यांनी डाव्या हाताचा फोम काढून टाकला, नवा कापून चिकटवला. नवा फोम, दाबला की लगेच वर येणारा. सकाळी खाली आले तर त्यात चार बोटं होती आणि पहिलं वाकडं.

मेहुणीनं ते पाहिलं. "भाऊजी, तुम्ही हात ठेवून बसला असाल."

मास्तरांनी आपला पंजा खळग्यात ठेवून दाखवला. तो त्यात मावत नव्हता.

"मग उंदीर," मेहुणी म्हणाली, आणि त्या दिवशी लवकर घरी गेली.

मास्तर खुर्चीत बसले. दुपारची वेळ होती. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली, रस्त्यावर एक सायकल भिंतीला टेकलेली. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग उजव्या कानामागे कोणीतरी स्क्रू फिरवायला लागलं. फिरवला, थांबला, उलटा फिरवला. अगदी तिनं सांगितलेलं. दाढ खालच्या बाजूला, अगदी मागे. मास्तरांनी कवळी काढून जिभेनं चाचपलं. तिथं गुळगुळीत हिरडी होती. त्या जागी वर्षानुवर्षं दात नव्हता, आणि तो दात दुखत होता.

ती गालाच्या हाडाखाली अंगठा रुतवायची, तसा त्यांनी रुतवला. क्षणभर थांबलं. तिचंही क्षणभरच थांबायचं.

ते उठले तसं दुखणं उठलं नाही. ते खुर्चीतच राहिलं.

मास्तरांना भीती वाटली. आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. तिचं काहीतरी घरात होतं. पण खुर्ची परत जाणार होती. आज ना उद्या कोणी ना कोणी तिच्यात बसणार, ते दुखणं अंगाला लावून घेणार, आणि डॉक्टर तोच शब्द बोलणार. हे मनात आल्यावर त्यांच्यानं दुकानात थांबवेना.

*

दवाखान्यात डॉक्टर साध्या खुर्चीवर काम उरकत होते. दुधी काचेमागून आवाज येत होता.

"ही जोराची आहे. लागेल तशी घ्या."

बाहेर आल्या त्या कंडक्टर बाई. खाकी कपडे, गळ्यात शिट्टी, उजवा गाल टमटमीत. मास्तर त्यांच्या आडवे आले.

"बाई, काय सांगितलं डॉक्टरांनी?"

"तुम्ही कोण? तुमची पण दाढ का?"

"नाही. सांगा तर. किती घ्यायच्या म्हणाले?"

"लागेल तशी म्हणाले."

"म्हणजे किती?"

"म्हणजे काय, लागेपर्यंत! एक घ्यायची, नाही लागली की आणखी एक. माझं अंग रेड्याचं, मला एकात काय होतंय?"

मास्तरांनी त्यांची बाही धरली. "परत आत चला."

"अहो सोडा! माझा स्टॉप आलाय, मी उतरले!"

"बाई, माझी बायको याच्यानंच गेली."

कंडक्टर बाई स्वतःच वळून आत गेल्या. आत त्यांनी तेच परत म्हणून दाखवलं, शब्दन् शब्द. डॉक्टरांच्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला.

"मी असं म्हटलं नाही."

"तुम्ही हेच म्हटलंत," मास्तर म्हणाले.

"लागेल तशी म्हणजे गरज पडेल तशी! इतकी वर्षं सांगतोय, सगळ्यांना कळतं. फक्त..." ते थांबले. कंडक्टर बाईंनी गोळ्यांचं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि ते एका बोटानं दूर ढकललं.

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, "खुर्ची बघायला या. आजच."

*

डॉक्टर आले ते कामाच्या कोटातच. मेहुणी जिन्यावर बसून राहिली, ती उठली नाही.

"बसा," मास्तरांनी सांगितलं.

"काम तर झालेलं दिसत नाही."

"बसून बघा. माप घ्यायचंय."

डॉक्टर बसले, मागे रेलले. आयुष्यभर ते या खुर्चीच्या बाजूला उभे राहिले होते. त्यात बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी. त्यांचा डावा हात उघड्या फोमवर पडला.

"उंचीला बरी आहे," ते म्हणाले. "फक्त मानेला जरा..."

पुढचं वाक्य आलं नाही. त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला. अंगठा गालाच्या हाडाखाली रुतला, बरोबर त्या जागी. मेहुणी उभी राहिली. तिनं तसा रुतलेला अंगठा पूर्वीही पाहिला होता, आपल्या बहिणीच्या गालावर.

"कोणी फिरवतंय," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे छताकडे होते. "हे... हे किती वेळ चालतं?"

"तिला विचारायला हवं होतं तुम्ही."

"थांबत नाही?"

"दाबलं की थांबतं. दाबून बघा."

डॉक्टरांनी दाबलं. कपाळावर घाम आला होता. त्यांच्या डाव्या हाताची बोटं फोममध्ये घट्ट वळली, पण ती खळग्यात बसेनात. एखाद्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवावीत तशी ती वरच राहिली. त्यांनी हात झटकून काढला आणि खुर्चीतून जवळजवळ खाली पडले.

मेहुणीनं पाण्याचा ग्लास आणला. ग्लास त्यांच्या हातात देताना ती म्हणाली, "एवढं पाच मिनिटांचं होतं. ताईला किती दिवस होतं, ठाऊक आहे ना?"

"मी शब्द बदलतो," डॉक्टर म्हणाले. पाणी त्यांच्या कोटावर सांडत होतं. "ती खुर्ची मला नको. परत पाठवू नका."

*

तेव्हापासून दुधी काचेमागून वेगळं ऐकू येतं. मास्तर मुद्दाम जाऊन बाकड्यावर बसतात आणि ऐकतात. "साध्या गोळीनं भागतं का बघू आधी. जोराची फक्त एक, झोपताना. दुखलं तरी दुसरी नाही. दुसरी वाटलीच, तर गोळीला हात लावायच्या आधी मला फोन करायचा. काय सांगितलं, म्हणून दाखवा बरं." माणसं म्हणून दाखवतात. कोणी चुकीचं म्हणालं की डॉक्टर पुन्हा सांगतात. त्यांचा उजवा हात मधूनच गालाकडे जातो, मग खाली येतो. आधी ज्यांना जोराची गोळी दिली होती त्यांना मदतनीस बाई फोन करून सांगतात. कंडक्टर बाईंची दाढ निघाली. आता गल्लीतून बस जाताना त्या दुकानासमोर शिट्टी वाजवतात.

मास्तरांचं मशीन पुन्हा चालू झालं आहे. वरची भांडी थरथरतात. कोणी ओरडत नाही.

खुर्चीची पाठ, बैठक, उशी, उजवा हात, सगळं शिवून झालं आहे. राहिला डावा. एकदा रेग्झीन ताणून पिना मारल्या की आतला खळगा दिसणार नाही. तो राहील की भरून येईल, हे कोणालाच कळणार नाही. मास्तर दुपारी तिथं थोडा वेळ बसतात. मेहुणी डबा उघडता उघडता म्हणते, "भाऊजी, उठा तिथून. शिवून टाका ते एकदाचं." ते म्हणतात, "हो." उठतात आणि जेवतात.

डाव्या हाताचं रेग्झीन कापून ठेवलेलं आहे. ते अजून शिवायचं राहिलं आहे.