मीठ किंचित कमी

पहिला दगा टूथपेस्टने दिला. रोज सकाळी जीभ चाळवणारी पेस्ट त्या दिवशी ओल्या खडूसारखी तोंडात नुसतीच फिरली. टेस्टरने चूळ भरली, पुन्हा घासून पाहिलं, मग इकडेतिकडे बघत जीभ साबणाला लावली. साबणही गप्प.

ताप उतरला होता, खोकला मुक्कामाला होता, आणि साथ पसरू नये म्हणून कंपनीच्या डॉक्टरने त्याला कारखान्याच्या आवारातल्या गेस्टहाउसच्या खोलीबाहेर पाऊल टाकायला बंदी केली होती. घर लांब, बायको घरी, आणि जिच्यावर पोट चालायचं ती जीभ बेपत्ता. चहाच्या कारखान्यात चव पारखणाऱ्याची जीभ जाणं हे गवयाचा गळा जाण्यापेक्षा वाईट. गवयाला निदान शिकवण्या घेता येतात. आधीच्या टेस्टरची जीभ अशीच एका आजारात गेली, तेव्हा कंपनीने त्याचा सत्कार केला आणि त्याला डब्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. तो अजून चिकटवत होता.

म्हणून कुणाला कळू द्यायचं नाही, असं ठरलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते दुपारच्या जेवणापासूनच पडायला लागलं.

मेसच्या मावशींनी दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवलं, पॅसेजच्या पार टोकाला गेल्या आणि तिथून ओरडल्या, "साहेब, सुपात मीठ बरोबर आहे ना?"

त्याचा चमचा हवेतच राहिला. मिठाबद्दल कुणी चकार शब्द काढला, तर "मग हॉटेलात जा" म्हणणारी ही बाई. ती आज आपणहून विचारते? कुणी शिकवलं? हाताखालच्या असिस्टंटने, दुसरं कोण! कानामागून आला आणि तिखट झाला. याच मेसमध्ये जेवतो, दिवसभर 'मावशी, मावशी' करतो.

बरोबर आहे म्हणावं आणि सूप मुद्दाम अळणी केलेलं असलं तर?

"किंचित कमी," तो जाणकाराच्या सुरात म्हणाला. किंचित हा शब्द फार सोयीचा; त्यात कुणी पकडू शकत नाही.

संध्याकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर. तहान मात्र सारखी लागत होती. ती त्याने आजाराच्या माथी मारली.

बायकोचा फोन आला. "अहो, जेवलात का?"

"जेवलो. छान होतं."

"छान? माझ्या हातचं खाताना हा शब्द तुमच्या तोंडून कधी ऐकला नाही. किती वर्षांच्या आहेत म्हणे या मावशी?"

"अगं, मावशी आहेत त्या!"

"मावशी काय, कुणालाही म्हणतात."

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी असिस्टंटने दाराशी तीन थर्मास ठेवून खालून फोन केला. "साहेब, नव्या मालाचे नमुने. तुम्ही म्हणाल तो ट्रकात चढेल."

"तू घेतलीस ना चव?"

"घेतली. पण तुमच्या जिभेपुढे माझी काय गणती?"

टेस्टरच्या मनात पाल चुकचुकली. असली नम्रता या मुलात नव्हती. त्याने चहा खिडकीशी नेऊन रंग पाहिला, कप हलवला, फोनमध्ये ऐकू जाईल असा सुर्रकन घोट घेतला. गरम पाणी. मग पुन्हा गरम पाणी, आणि पुन्हा.

"मधला. शेवटाला किंचित कडवट, पण चालेल."

"अगदी माझ्या मनातलं बोललात, साहेब!"

आज मंगळवार म्हटलं तरी वाद घालणारा हा प्राणी!

दुपारचं ताट आलं. त्याने दोन चमचे घेतले असतील-नसतील, तोच जिन्याखालून वॉचमनचा आवाज आला. "मावशी, हे सूप आहे की समुद्र?"

"मला काय विचारतोस!" मावशींचा आवाज रडवेला झाला. "तोंडाची चवच गेलीय माझ्या. सांगितलं तर घरी बसवतील. म्हणून तर साहेबांना विचारत होते. ते कमी म्हणाले की टाकायचे मूठभर."

टेस्टरने वाडगं उजेडात धरलं. कडेला मिठाची पांढरी रेघ सुकली होती. मग त्याला 'माझ्या मनातलं बोललात' म्हणणारा असिस्टंट आठवला. त्याने फोन लावला.

"काय रे, आजचं सूप कसं होतं?"

"उत्तम, साहेब." क्षणभर थांबून, जाणकाराच्या सुरात, "मीठ किंचित कमी."

म्हणजे याचीही! खाली ट्रकचं इंजिन सुरू झालं. कुणाच्याही जिभेला न लागलेला चहा त्यात भरला होता.

टेस्टरने फोन ठेवून मॅनेजरला लावला. बिझी. असिस्टंटला लावला. बिझी. म्हणजे दोघं बोलताहेत! आपल्याबद्दलच! लेबलं, डिंक, सत्काराचा नारळ... त्याने खिडकी उघडली आणि खोकत ओरडला, "ट्रक थांबवा! माझी चव गेलीय! मी न चाखताच पास केलाय!"

हमालांनी हातातली शेवटची खोकी खाली ठेवली. अख्ख्या आवाराने वर पाहिलं.

लगेच असिस्टंटचा फोन आला. "साहेब, ट्रक थांबवायला मी मॅनेजरना आत्ताच सांगितलं. माझी चव गेलीय म्हणालो." तो घुटमळला. "तुमचं नाव नव्हतं हो घेतलं मी."

तेवढ्यात पॅसेजच्या टोकाकडून मावशी कडाडल्या.

"साहेब! मग ते किंचित कुठून आणलंत?"