रावसाहेबांचं नाक

वाशीच्या मसाला मार्केटात आमच्या ह्यांच्या नाकाचा केवढा दबदबा! नाव रावसाहेब, काम वेलची पारखणं. तीस वर्षं झाली. दोन दाणे तळहातावर चुरडायचे, नाकाशी धरायचे आणि सांगायचं, ही नवी, ही गेल्या सालची. मशीन आलं तरी व्यापारी ह्यांनाच विचारतात. त्यामुळे घरात काय तोरा असतो, ते माझं मला माहीत.

रविवारी दुपारी आमची ईश्वरी प्रयोगशाळेतून एक छोटी बाटली घेऊन आली. तिचं संशोधन वासावरच, नाक बापाचंच घेतलंय. तिनं समजावलं की नाकातल्या पेशींवर वासांना बसायच्या जागा असतात. वास तिथं बसला की पेशीच्या आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, शेवटी मेंदूला कळतं. बसच्या सीटवर आधीच रुमाल टाकावा तसं हे बाटलीतलं द्रव्य वेलचीची जागा अडवतं. मग निरोप निघतच नाही. दहा मिनिटांत उतरतं म्हणाली, स्वतःवर करून पाहिलेलं होतं.

"माझं नाक अडवणारं अजून जन्मायचंय," हे म्हणाले.

द्रव्यात बुडवलेली कागदाची पट्टी लांब धरून हलकीच हुंगायची होती. आमचा शहाणा माणूस! सवयीनं पट्टी तळहातावर चोळली आणि छाती भरून हुंगली. पोरगी 'अहो बाबा' म्हणेपर्यंत कारभार उरकला होता.

वेलची गेली. हिंग येतोय, लवंग येतेय, वेलची नाही. दहा मिनिटं झाली, तास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी केरळचा माल उतरणार होता आणि हे त्याच तळहातावर वेलची चुरडून चुरडून हुंगत बसलेले. तोंड एवढंसं झालं होतं. ईश्वरी तर रडायलाच लागली, मीच बाबांचं नाक घालवलं म्हणून. मी ह्यांना हात धुवायला लावले आणि शिरा करायला घेतला. काळजी वाटली की मी शिराच करते.

ह्यांनी पहिला घास घेतला, पोरीकडे पाहिलं आणि एकदम खुलले. "आला गं वास! वेलची मस्त पडलीय."

पोरीनं डोळे पुसून प्रयोगाची वही उघडली.

"वेलची घातलेलीच नाही," मी म्हटलं. "कुटलेली तिकडं वाटीत आहे."

हा माणूस पोरीसाठी खोटं बोलणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पकडल्यावर असे काही ओशाळले की मला हसू आवरेना. मग पोरगी हसली, मग हेही. तिनं मात्र खरं काय ते वहीत लिहिलं.

ताटली उचलायला मी हात पुढं केला, तर ह्यांनी मनगटच धरलं. माझी बोटं नाकाशी नेली, डोळे मिटले. मी श्वास रोखून उभी.

"सालासकट कुटलीस," हे म्हणाले. "आळशी बाई."

खरं होतं. सोलायचा कंटाळाच केला होता मी. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ईश्वरीला म्हटलं, हे लिही आधी, आळशीसकट लिही.