खिळ्यावरची रोटी

मित्रांनो, मी एक जुनी रोटी आहे. हसू नका. रोटीचं आयुष्य सकाळपासून दुपारपर्यंत, हे मलाही कळतं. पण मी समरकंदची, आणि माझ्या वाट्याला खिळा आला.

सनोबरने मला पहाटे मळलं, पोटावर ठशाने नक्षी टोचली आणि तंदूरच्या भिंतीला थापलं. तिचा इल्होम त्या दिवशी फौजेत निघाला होता. आमच्याकडे दूर जाणारा माणूस रोटीचा एक घास चावतो आणि उरलेली रोटी घरात टांगतात. परतल्यावर त्यानेच ती संपवायची. इल्होमने घाईत एवढासा तुकडा तोडला.

"उंदरासारखा काय कुरतडतोस? नीट चाव," सनोबर म्हणाली.

"राहू दे गं आई. येईन तेव्हा भूक मोठी असेल."

त्याला अफगाणी डोंगरांत नेलं. पुढे ना तो आला, ना त्याची शवपेटी आली.

सुरुवातीला माझा केवढा मान! आल्यागेल्याने माझ्याकडे पाहून दुवा मागायची. मग पक्षाचे एक पुढारी आले, अंगणातल्या ओट्यावर बसून चहा प्यायले आणि जाताना हळूच सांगून गेले, की बेपत्ता शिपायांमुळे फौजेची बदनामी होते, पोराचं नाव चारचौघांत काढू नका. लोकही माझ्याकडे बघेनासे झाले. मी वाळले, चुन्याचे शिंतोडे झेलले.

मग ज्याच्या फौजेत इल्होम गेला, तो देशच एके दिवशी उरला नाही. भिंतीवरची तसबीर उतरली, दुसरी चढली. नाणी बदलली, गाणी बदलली. सनोबरने कशाचंच वाईट वाटून घेतलं नाही. फक्त गल्लीचं नाव बदललं तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. पोराने पत्ता विचारला तर त्याला कोण सांगणार? मुलगी मुकद्दस नव्या इमारतीत चल म्हणून किती मागे लागली, पण आई हलली नाही. पुढे गल्लीचं नाव आणखी एकदा बदललं. त्या दिवशी मात्र ती जेवली. माणूस दमतो हो.

यंदा वसंतात त्याच पुढाऱ्यांचा मुलगा तुर्सुन आला. तो आता महल्ल्याचा, म्हणजे आमच्या वस्तीचा, मुखिया. युद्धात गेलेल्यांच्या आठवणीच्या दिवसाला शहराचे कारभारी हाकिमसाहेब येणार, इल्होमला वीर म्हणून गौरवायचं, मला काचेच्या पेटीत मांडायचं, असं त्याने सांगितलं. पेटीखालची पाटीही तो रंगवून घेऊन आला होता. सनोबरला आता दिसत नाही, म्हणून मुकद्दसने वाचली: 'वीर इल्होमचा अखेरचा घास.'

"अखेरचा हे कोणी ठरवलं रे?" सनोबरने विचारलं. "तू, की हाकिमाने?"

"खाला, मान आहे हा. टीव्हीवर दाखवतील."

"तुझ्या बापाने माझ्या पोराचं नाव तो जिवंत असताना पुसलं. तू नाव लिहितोस, तर त्याला मारूनच लिहितोस. चहा घे, गार होतोय."

तुर्सुन खाली मान घालून चहा प्यायला. पण हाकिमांना शब्द दिलाय, उद्या सकाळी पेटी घेऊन येतो, असं सांगूनच उठला.

आज पहाटे सनोबर चाचपडत भिंतीशी आली आणि तिने मला खिळ्यावरून काढलं. मुकद्दस घाबरली. आई, रोटी उतरवली म्हणजे तू दादाची वाट बघणं सोडलंस का, असं तिने विचारलं.

"वाट बघायला मी आहे अजून," सनोबर म्हणाली. "ही थकली बिचारी. आज नाही तर मी गेल्यावर हिला काचेत कोंडतील. त्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात जाऊ दे."

तिने मला कोमट पाण्यात भिजवून कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं आहे. तुर्सुन पेटी घेऊन दारात उभा आहे, आणि मुकद्दस त्याला ताज्या रोटीसाठी आत बोलावते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आठवणी विचारायच्या तर शेजारी बसून विचारा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत बसा. आपल्याला हव्या तेव्हा त्या पुसू नका, हव्या तेव्हा मांडू नका. आणखी काय सांगू? मी मऊ पडत चालले आहे. साळुंक्या उतरल्या. जरा बाजूला व्हा, त्यांना भूक लागली असेल.