ज्या दिवशी जॅकहॅमर चालला नाही

मित्रांनो, मी एक जुना जॅकहॅमर आहे. वजन पंचवीस किलो, आवाज कान बधिर करणारा आणि काम एकच, खडकाला भोक पाडायचे. कॉम्प्रेसरची दाबलेली हवा जाड नळीतून माझ्या पोटात शिरली, की माझ्या पोलादी दांडीखाली काळ्या कातळाचेही पीठ होते.

वसईच्या पूर्वेच्या डोंगरातून पिण्याच्या पाण्यासाठी बोगदा खणायचा ठरला, तेव्हा मी नवा कोरा तिथे आलो. माझी मूठ ज्याच्या हाती पडली, तो ॲल्रॉय. गास गावचा, रुंद खांद्यांचा, मोजके बोलणारा. त्याचे वडील लॉरेन्स दगडखाणीत माझ्याच जातीचे यंत्र चालवत, पण कोरडे, म्हणजे पाण्याशिवाय. दगडाची पूड वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली आणि छातीत घर करून बसली. आता चर्चच्या पाच पायऱ्या चढताना त्यांना तीनदा थांबावे लागते.

म्हणून ॲल्रॉयने पहिल्याच दिवशी जोडीदार जयवंतला बजावले, "आधी पानी, मग हवा. पानी नाय, तर मशीन नाय."

माझी दांडी आतून पोकळ असते. तिच्यातून पाणी खडकाच्या पोटात जाते आणि पुडीचा चिखल होऊन बाहेर वाहतो. धूळ उडतच नाही. ॲल्रॉय रोज मला तेल पाजायचा, छताचे सैल दगड लांब पहारेने पाडायचा, कान झाकायचा आणि मगच मला हात लावायचा. असा लाड कोणाला आवडणार नाही? मीही त्याला कधी दगा दिला नाही.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. पलीकडून खणत आणलेला बोगदा जेमतेम पंधरा मीटरवर राहिला होता. सगळ्यांना घाई झाली होती, सर्वांत जास्त तरुण इंजिनिअर हार्दिकला. त्या सकाळी त्याने सुरुंग भरायच्या भोकांच्या जागी कातळावर लाल खुणा केल्या आणि नेमका तेव्हाच पाण्याचा पंप बंद पडला.

"ॲल्रॉय, पंपाला दोन तास लागतील," हार्दिक म्हणाला. "तोवर मास्क लावून कोरडंच मार."

"नाय साहेब."

"अरे, एका दिवसाने काय होतंय?"

"माझ्या बाबालापन एकेक दिवसानेच झालं."

हार्दिक जयवंतकडे वळला. "तू धर रे मशीन."

जयवंत आचोळ्याचा, घरी दोन लहान मुले. नोकरीची गरज त्याला कमी नव्हती. तरी त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "साहेब, पाण्याशिवाय आपण पण नाही."

"ठीक आहे. दोघांची नावं रिपोर्टमध्ये जातील!"

दोन तास मी दगडांच्या ढिगावर मुका पडून होतो. खरे सांगतो, मला ॲल्रॉयचा रागच आला होता. माझ्यासारख्या दांडग्याने असे लोळत पडावे?

अखेर पंप सुरू झाला. ॲल्रॉयने आधी साधी नळी घेऊन समोरचा कातळ वरपासून खालपर्यंत धुतला. काजळी उतरली, धूळ उतरली आणि एका लाल खुणेखाली, जेमतेम वितीवर, जुने भोक उघडे पडले. त्यातून पिवळी वायर डोकावत होती.

ॲल्रॉयने पाणी बंद केले. "साहेब, मागे व्हा. बार शिल्लक हाय."

आदल्या दिवशीच्या सुरुंगातला एक बार उडालाच नव्हता. धुळीने माखल्यामुळे तपासणीतही तो कोणाला दिसला नव्हता. मी त्या खुणेवर कोरडा सुरू झालो असतो आणि माझी दांडी जराशी तिरकी गेली असती, तर तिघांपैकी एकही घरी परतला नसता.

सगळे बाहेर आले. बोगद्याच्या तोंडावर दोर बांधला. सुरुंगाचा परवाना असलेल्या ब्लास्टरने येऊन दुपारपर्यंत तो बार निकामी केला. बाहेर हार्दिक एका दगडावर बसला होता. बाटलीचे झाकण तो उलट्याच बाजूने फिरवत होता. ॲल्रॉयने ते उघडून दिले.

"मी तुला कोरडं मारायला सांगत होतो, ॲल्रॉय."

"सांगितलं. पन आपन मारलं नाय ना? पानी प्या."

हार्दिकने रिपोर्ट लिहिला. त्यात चूक करणारा म्हणून फक्त स्वतःचे नाव घातले.

मित्रांनो, मी हजारो भोके पाडली. बोगदा आरपार झाला तेव्हा ढोल वाजले, माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. पण मला सगळ्यात मोठा अभिमान आहे तो मी न चाललेल्या त्या दोन तासांचा.

पुढे तीन हातांचे मोठे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात गंजत पडलो. वर्षभराने ॲल्रॉयनेच मला बाहेर काढले, घासूनपुसून तेल पाजले. आता तो प्रशिक्षणाच्या शेडमध्ये नव्या कामगारांना शिकवतो आणि मी त्याच्या हाताखालचा मास्तर आहे.

परवा अश्लेषा नावाची नवी मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. कॉम्प्रेसर तयार होता. शेडचा प्रमुख झालेला हार्दिक म्हणाला, "कर सुरू."

तिने हवेच्या नळीचा सांधा चाचपला. तिथे साखळी नव्हती. साखळी नसताना नळी निसटली, तर ती चवताळलेल्या सापासारखी फटके मारत सुटते.

"सर, साखळी नाहीये. मी नाही सुरू करणार," ती म्हणाली.

हार्दिकने तिच्याकडे पाहिले, मग ॲल्रॉयकडे. आणि साखळी आणायला तो स्वतः धावत गेला.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, पाणी द्या, त्याची निगा राखा. आणि कधी कोणी कामाच्या जागी "नाही" म्हणाले, तर त्याच्यावर चिडण्याआधी एकदा त्याचे ऐकून घ्या.